विभागाची थोडक्यात माहिती

मुख्यालयातून पत्र आलंय:
तैवानहून आठ जण यायचेत,
त्यांनी आपल्या नगराची माहिती एका पानात पाठवलीय,
आपलीही तशीच द्या, एका पानात,
बुधवारपर्यंत.

त्यांचं पान माझ्या टेबलावर, पेपरवेटखाली फडफडतंय.
क्षेत्रफळ. लोकसंख्या. वॉर्ड किती, देवळं किती.
नदीच्या मुखाशी आधी भातशेती होती म्हणे,
मग बांध, मग कारखाने, मग मेट्रो.
नगराच्या नावाचा जुना अर्थ:
जिथे लव्हाळं संपतं ती जागा.
हे वाक्य मी दोनदा वाचलं.
तोवर चहावर साय धरली.

आमचं क्षेत्रफळ लिहायला बसले तर अडले:
भरतीचं लिहू, की ओहोटीचं?
नियोजनच्या दळवीसाहेबांना विचारलं.
म्हणाले, मढवीबाई, नकाशातलं लिहा.

लोकसंख्या जुन्या गणनेची लिहिली.
ती झाली तेव्हा आमच्या मजल्यावरची पाच पोरं जन्मलीही नव्हती,
आणि वरच्या मजल्यालाच परवानगी नव्हती.
(ती अजून नाही. हे लिहिलं नाही.)

नावाच्या अर्थासाठी गावठाणात गेले.
जोमाकाका मिठागराच्या बांधावर उघाडी सांभाळायचे,
आता एटीएमच्या पायरीवर सावलीला बसतात.
म्हणाले, "अरथ कसला गो?
हाक मारली का वलून बगायचा, त्यो अरथ."
आणि मग आपणहूनच मोजायला लागले, बोटांच्या पेरांवर:
वाकडी खार, हिरूचा तुकडा, मोठी कोंड,
बुडीत, अर्धी बुडीत,
आणि एक नुसतीच 'ती'.
"ती खंय?" मी विचारलं.
त्यांनी सेक्टर नऊच्या जिमकडे हात केला.

प्रमुख व्यवसाय हा रकाना दोन ओळींचा आहे.
त्यात मीठ, भात आणि कोलंबी 'पूर्वी' या शब्दानंतर बसवली,
'सध्या'नंतर रसायनं, संगणक, गोदामं.
माथाड्यांच्या चाळी राहिल्या,
जिथून जत्रेच्या आठवड्यात साताऱ्याच्या गाड्या भरून सुटतात
आणि चार दिवस भाजीवाल्याला गिऱ्हाईक नसतं.
टाइल्स बसवणारा इम्तियाज राहिला,
त्याने आमच्या कार्यालयाची फरशी बसवली
आणि आता दाखल्यासाठी त्याच फरशीवर रांगेत उभा असतो,
पायाखालची एक तिरपी टाइल अंगठ्याने चाचपत.

कार्यालयाचा पत्ता: भूखंड क्रमांक, सेक्टर, पिनकोड.
जुना सर्व्हे नंबर मला पाठ आहे.
बाबांची त्यावर सही होती, इंग्रजीत शिकलेली एकुलती एक सही.
नुकसानभरपाईतून एक लूना आली, एक छताचा पंखा,
आणि थोरलीचं लग्न.
पंखा अजून चालतो.
पत्त्याला तीनच ओळी होत्या, त्या भरल्या.

गुरुवारी ते आले. आठ नाही, सात.
शाल, श्रीफळ, फोटो.
प्रेझेंटेशन चालू असताना
त्यांच्यातल्या एक बाई, पिकलेल्या केसांच्या, श्रीमती ये,
उठून खिडकीपाशी गेल्या, काच सरकवली.
एसीत बसलेल्यांनी नाकं मुरडली.
दुभाषा म्हणाला, त्या विचारताहेत,
आत्ता ओहोटी आहे का?

मी घड्याळ न बघता हो म्हटलं.

मग त्यांनी आमचंच पान पालथं केलं,
आणि बॉलपेनने त्यावर एक मासा काढला,
डोळे डोक्याच्या वर, चिखलावर छातीने सरकणारा.
दुभाष्याला शब्द सापडेना.
मी म्हटलं, निवटी.
त्यांनी त्यांचा शब्द सांगितला.
मी तो चुकीचा म्हटला, त्यांनी माझा.
आणखी एकदा. आणखी चुकीचा.
दळवीसाहेब खाकरले, सगळे जेवायला गेले.

आता ते पान फाइलला लावता येत नाही.
साहेब म्हणतात, कोरी प्रिंट काढा, त्यात काय.
काढते.
शाई संपलीय, मागणीपत्र दिलंय.